झोप आली म्हणजे गोळी लागू पडली का? ॲलर्जीच्या औषधांचा एक पाठ



पावसाळा सरत आला की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत एक दृश्य दिसतं. रिकामे प्लॉट, रस्त्याच्या कडा, कालव्याचे काठ गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरलेले असतात. त्यातच सोयाबीनची मळणी सुरू होते आणि गावभर भुस्सा उडतो. वर्गातली दोन-चार मुलं सारखी शिंकतात, नाक चोळतात, डोळे लाल करून बसतात. घरचे मेडिकलवरून सर्दीची गोळी आणतात. शिंका थांबतात, पण दुसऱ्या दिवशी तेच मूल पहिल्या तासाला पेंगायला लागतं.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे : "झोप आली ना, म्हणजे गोळी लागू पडली." आजच्या लेखात आपण हेच वाक्य तपासून पाहणार आहोत. गोळी काम कशी करते, झोप का येते, ती कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये, आणि कोणत्या वेळी या गोळीच्या भरवशावर बसणं जिवावर बेतू शकतं, हे क्रमाने समजून घेऊ.

१. वावडं म्हणजे काय?

ॲलर्जी या शब्दाला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे, वावडं. एखादी गोष्ट शंभर जणांना काही करत नाही, पण एकाला सोसत नाही. परागकण, धुळीतले बारीक किडे, जनावरांच्या अंगावरचा कोंडा, शेंगदाणा, एखादं औषध, यांपैकी कशाचंही वावडं असू शकतं.

आपली रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. काही जणांच्या शरीरात ती निरुपद्रवी परागकणालाही शत्रू समजते आणि त्याच्यासाठी 'आयजीई' नावाची खास प्रतिद्रव्यं तयार करते. नाक, डोळे, त्वचा, श्वासनलिका, आतडी या ठिकाणी मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ही प्रतिद्रव्यं जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच परागकण नाकात गेला की तो या प्रतिद्रव्यांना चिकटतो आणि मास्ट पेशी आपल्या पोटातला साठा बाहेर ओतते. त्या साठ्यातला मुख्य पदार्थ म्हणजे हिस्टामिन.

२. हिस्टामिन : शरीरातला निरोप्या

हिस्टामिनचे शरीरावर होणारे परिणाम हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१० साली मांडले. मुलांना सांगताना आपण हिस्टामिनला निरोप्या म्हणू. हा निरोप्या पेशींवरच्या ठरावीक कुलपात किल्लीसारखा बसतो. या कुलपांना शास्त्रीय भाषेत ग्राही म्हणतात. वावड्याच्या संदर्भात महत्त्वाचं कुलूप आहे 'एच-१'.

किल्ली कुठे बसली यावर परिणाम ठरतो. नाकात बसली तर शिंका येतात आणि पाणी गळतं. डोळ्यांत बसली तर खाज आणि लाली. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत बसली तर त्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि अंगावर गांधी उठतात. आपण म्हणतो, "अंगावर पित्त उठलंय." प्रत्यक्षात यकृतातल्या पित्ताचा याच्याशी संबंध नसतो, हा त्वचेतल्या हिस्टामिनचा खेळ असतो.

३. गोळी काय करते?

हिस्टामिनविरोधी गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही आणि वावडंही बरं करत नाही. ती फक्त एच-१ कुलपात आधीच जाऊन बसते आणि कुलूप बंद अवस्थेत धरून ठेवते. मग हिस्टामिनच्या किल्लीला जागाच उरत नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, गोळीचा अंमल संपला आणि परागकण हवेत असतील तर त्रास पुन्हा सुरू होणार. दुसरी, किल्ली बसून गेल्यावर कुलूप अडवण्यापेक्षा आधी अडवणं बरं. म्हणून ज्यांना ठरावीक हंगामात त्रास होतो, त्यांना डॉक्टर कधी कधी त्या दिवसांत रोज एक याप्रमाणे गोळी देतात.

अशा प्रकारचं पहिलं औषध १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ते औषध माणसांसाठी फार विषारी ठरलं, पण त्याच वाटेने पुढची औषधं आली. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

४. मग झोप का येते?

इथे आपल्या पाठाचा गाभा आहे. हिस्टामिन फक्त नाकात आणि त्वचेत नसतं. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात चेतापेशींचा एक छोटा समूह असतो. तो दिवसा हिस्टामिन वापरून संपूर्ण मेंदूला जागं ठेवतो. म्हणजे जो निरोप्या नाकात शिंक आणतो, तोच मेंदूत "जागा राहा, लक्ष दे" असा निरोप देत असतो. त्या कामासाठी मेंदूतही एच-१ हेच कुलूप असतं.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार काटेकोर असतात. कुठलाही पदार्थ त्या सहज आत सोडत नाहीत. पण जुन्या पिढीच्या गोळ्यांचे रेणू लहान आणि स्निग्ध पदार्थात विरघळणारे असतात. ते या भिंतीतून निसटून आत जातात आणि मेंदूतली एच-१ कुलपंही बंद करतात. जागं ठेवणारा निरोप पोचेनासा होतो आणि माणूस पेंगतो.

नवीन पिढीच्या गोळ्यांचे रेणू या भिंतीतून फारसे आत जात नाहीत. थोडे शिरलेच तर भिंतीतले पंप त्यांतले बरेच परत बाहेर ढकलतात. म्हणून त्या नाकात काम करतात, पण मेंदूला फारसा त्रास देत नाहीत.

म्हणजे झोप ही गोळीच्या ताकदीची खूण नाही. औषध नको त्या जागी पोचलं, एवढंच ती सांगते. नाकासाठी घेतलेल्या औषधाची मेंदूत काही गरज नव्हती.

५. जुन्या गोळ्या, नव्या गोळ्या

*झोप आणणाऱ्या (पहिली पिढी) :* क्लोरफेनिरामाइन (हिलाच 'सीपीएम' म्हणतात आणि सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत ती असते), फेनिरामाइन (एव्हिल), डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, सायप्रोहेप्टाडिन.

*कमी झोप आणणाऱ्या (दुसरी पिढी) :* लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन याच पिढीतल्या, पण काही जणांना त्यांनीही सुस्ती येते. गंमत म्हणजे सेटिरिझिन हा जुन्या हायड्रॉक्सिझिनपासूनच शरीरात तयार होणारा पदार्थ आहे.

या यादीतलं सायप्रोहेप्टाडिन पालकांनी विशेष लक्षात ठेवावं. भूक लागावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही सिरपांत ते असतं. "टॉनिक चालू केल्यापासून पोरगं झोपाळू झालंय" अशी तक्रार असेल तर बाटलीवरचं नाव वाचा. तसंच सहलीत बस लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्याही याच कुळातल्या असतात.

जुन्या गोळ्यांची आणखी एक अडचण आहे. त्या एच-१ सोडून दुसरीही कुलपं बंद करतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, नजर धूसर होते, लघवी अडकते, घाम कमी येतो. यातल्या शेवटच्या मुद्द्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

६. "मला नाही येत झोप"

बरेच जण सांगतात, "मी ही गोळी वर्षानुवर्षं घेतो, मला काहीच होत नाही." इथेच खरा धोका लपलेला आहे.

२००० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक प्रयोग झाला. वावड्याचा त्रास असलेल्या ४० वाहनचालकांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसवलं. वेगवेगळ्या वेळी त्यांना जुनी गोळी डायफेनहायड्रामाइन, नवी गोळी फेक्सोफेनाडिन, दारू आणि औषध नसलेली नुसती गोळी दिली. दारूचं प्रमाण रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम होईल एवढं होतं. आपल्या कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तरीही जुनी गोळी घेतल्यावर लोकांनी गाडी दारूपेक्षाही वाईट चालवली. नवी गोळी घेतलेल्यांची गाडी नुसती गोळी घेतल्यासारखीच चालली. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, "मला किती झोप येतेय" याबद्दल चालकांनी स्वतः जे सांगितलं, त्यावरून ते गाडी किती वाईट चालवतील याचा नीट अंदाज येत नव्हता.

थोडक्यात, डोळे मिटत नाहीत म्हणजे मेंदू जागा आहे असं नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबा कुट्टी किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. गाडीवर ताबा राहणार नाही इतका औषधाचा अंमल असताना वाहन चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हाच आहे. हे कलम फक्त दारूपुरतं नाही. आणि अशा गोळीवर दारू घेणं म्हणजे दोन्हींचा अंमल एकमेकांवर चढवणं.

७. शिकण्यावर काय परिणाम होतो?

आता आपल्या कामाचा मुद्दा. १९९३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामी वावडं असलेली मुलं निरोगी मुलांपेक्षा कमी शिकली. ज्यांना झोप आणणारी गोळी दिली होती ती सगळ्यांत मागे पडली. झोप न आणणारी गोळी घेतलेली मुलं निरोगी मुलांच्या बरीच जवळ राहिली.

२००७ साली ब्रिटनमधल्या १५ ते १७ वर्षांच्या १८३४ विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. हिवाळ्यातली सराव परीक्षा आणि उन्हाळ्यातली मुख्य परीक्षा यांची तुलना केली होती. परीक्षेच्या दिवसांत वावड्याची लक्षणं असलेल्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त होती. त्यातले जे झोप आणणारी गोळी घेत होते, त्यांच्यात ती ७० टक्क्यांनी जास्त होती. ज्याला त्रास जास्त तोच गोळीही जास्त घेतो, हे खरं. म्हणून सगळा दोष गोळीवर टाकता येणार नाही. पण दोन्ही अभ्यासांची दिशा एकच आहे.

यातून दोन बाजूंचा धडा मिळतो. वावडं तसंच अंगावर काढू नये, कारण रात्रभर नाक बंद असलेलं मूलही दिवसा पेंगतंच. आणि उपचार करताना झोप आणणारी गोळी निवडू नये. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. ज्या मुलांना दरवर्षी या सुमारास त्रास होतो, त्यांच्या पालकांनी जानेवारीतच डॉक्टरांशी बोलावं. परीक्षेच्या आदल्या रात्री कधीही न घेतलेली गोळी पहिल्यांदा देऊ नये.

८. "रात्री दिली तर सकाळी उतरते ना?"

हा प्रश्न गणिताच्या तासाला घेण्यासारखा आहे. एखाद्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. क्लोरफेनिरामाइनचं अर्धायुष्य प्रौढांमध्ये सुमारे २० तास असतं. मुलांमध्ये ते कमी असतं, पण तरीही बऱ्याच तासांचं असतं.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने रात्री नऊला गोळी घेतली आणि सकाळी अकराला ट्रॅक्टरवर बसला. मध्ये १४ तास गेले. साध्या हिशेबाने तेव्हा सुमारे ६० टक्के औषध अंगात शिल्लक असतं. रोज रात्री गोळी घेतली तर कालचं उरलेलं असताना आजचं वर पडतं. म्हणून "रात्रीची रात्रीच उतरते" हा समज टिकत नाही.

९. एक गवत, दोन वावडी

आपल्याकडच्या गाजरगवताचं उदाहरण वर्गात जरूर घ्यावं. हे मूळ अमेरिका खंडातलं तण. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि मग ते देशभर पसरलं.

गाजरगवताचे परागकण नाकात गेल्यावर शिंका आणि सर्दी होते. ही हिस्टामिनची गोष्ट, इथे गोळी उपयोगी पडते. पण त्याच गवतातल्या पार्थेनिन नावाच्या रसायनाने त्वचेवर चट्टे, खाज, जाड काळसर कातडी असा चिवट त्रास होतो. चेहरा, मान, कोपराच्या खाचा इथे तो जास्त दिसतो. हे दुसऱ्या प्रकारचं वावडं आहे. इथे हिस्टामिनपेक्षा रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशींचा हात मोठा असतो. म्हणून अशा माणसाला हिस्टामिनविरोधी गोळी देऊन आजार हटत नाही. त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावं लागतं, आणि गवतापासून दूर राहणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

शाळेत श्रमदानाला आपण मुलांकडून गाजरगवत उपटून घेतो. हेतू चांगला आहे, पण उघड्या हातांनी हे काम मुलांना करू देऊ नका. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला रुमाल हवा. काम फुलं येण्याआधी करा, आणि दमा किंवा त्वचेचा त्रास असलेल्या मुलांना त्यातून वगळा. दुसरा मार्गही आहे. गाजरगवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानेही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना पुरवले आहेत. पावसाळ्यात हे भुंगे दाखवणं हा विज्ञानाचा उत्तम परिसर-पाठ होतो.

१०. जिथे ही गोळी चालत नाही

घरात एखादं पाकीट असलं की प्रत्येक गोष्टीवर तेच काढायची सवय लागते. पुढच्या तीन प्रसंगी तसं करू नका.

फवारणीनंतरचा त्रास. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाचं नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी येतंय, लाळ सुटलीय, घाम फुटलाय, मळमळतंय. वरवर पाहिलं तर ॲलर्जीच वाटते. पण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेची ही लक्षणं आहेत. बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं, छाती भरून येणं ही पुढची. २०१७ च्या खरिपात शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकऱ्यांचे जीव गेले. अशा वेळी गोळी देऊन झोपवणं म्हणजे वेळ घालवणं. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

श्वास अडकवणारं वावडं. गांधीलमाशी चावल्यावर, एखादं इंजेक्शन किंवा खाणं अंगावर आल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, चक्कर येणं, उलट्या होणं अशी लक्षणं दिसली तर ती तीव्र ॲलर्जी आहे. तिचं पहिलं औषध मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. हिस्टामिनविरोधी गोळी खाज कमी करेल, पण बंद होत चाललेला श्वासमार्ग उघडणार नाही. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उठवून चालवू नका.

विंचूदंश. विंचवाच्या विषावर ही गोळी हा उतारा नाही. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि लाल विंचवाच्या दंशाने होणारे कितीतरी मृत्यू टळले. लहान मुलाला विंचू चावला, घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर थेट दवाखान्यात न्या.

११. लहान मुलांना देताना

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी उलट चिडचिडी, अस्वस्थ, बेभान होतात. तान्ह्या मुलांत श्वास मंदावण्याचाही धोका असतो. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत त्याच कारणाने छापला जातो.

आपल्या देशातही डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी आदेश काढला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना वापरू नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला सांगितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे मुलं दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी नागपूरला आणली होती. ते मृत्यू डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी भेसळीमुळे झाले, हिस्टामिनविरोधी औषधामुळे नव्हे. पण त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. बहुतेक मुलांची साधी सर्दी आपोआपच बरी होते.

घरी पाळायचे नियम :

- मूल शांत झोपावं, प्रवासात रडू नये म्हणून हे सिरप कधीही देऊ नका. आई-वडील कामावर आणि बाळ आजीजवळ असेल तर आजीलाही हे समजावून सांगा.
- थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यात गल्लत करू नका. वर सांगितलेल्या मिश्रणाच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असतं. त्याचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर दिला तर १० मिलिग्रॅम पोटात जातं. प्रौढ माणसाचा नेहमीचा एक डोस ४ मिलिग्रॅमचा असतो. यावरून चूक केवढी मोठी ते कळेल.
- स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. बाटलीसोबतचं माप किंवा खुणा असलेली पिचकारी वापरा. डोस वय आणि वजनाप्रमाणे डॉक्टरच ठरवतील.
- दोन औषधं एकत्र देण्याआधी दोन्हींची नावं वाचा. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन असतं, त्यावर खाजेची एव्हिल दिली की एकाच गटाचा डोस दुप्पट होतो.
- मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी चालू असताना मुलाच्या वागण्यात बदल, भीतीदायक स्वप्नं, उदासी दिसली तर डॉक्टरांना लगेच सांगा.
- चुकून जास्त औषध गेलं तर मूल खूप झोपाळू होईल किंवा उलट बडबडेल, चेहरा लाल होईल, बाहुल्या मोठ्या होतील, ताप येईल, झटकेही येऊ शकतात. ओकारी काढत बसू नका. बाटली घेऊन दवाखान्यात जा.

१२. आजी-आजोबा आणि परभणीचं ऊन

म्हाताऱ्या माणसांत जुन्या गोळ्यांनी गोंधळ उडणं, रात्री उठताना पडणं, लघवी अडकणं हे प्रकार जास्त होतात. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुनी गोळी नकोच. झोप लागत नाही म्हणून रोज एव्हिल घेणाऱ्या आजोबांना हे आवर्जून सांगावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही विचारूनच घ्यावी.

आणि आता घामाचा मुद्दा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो. अशा वेळी शरीर थंड ठेवायचं मुख्य साधन म्हणजे घाम. जुनी गोळी घाम कमी करते आणि सुस्तीही आणते. अशी गोळी घेऊन भर उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका वाढतो.

१३. मग योग्य वापर कोणता?

साध्या शिंका, नाक गळणं, अंगावर गांधी यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या पिढीतली गोळी हा पहिला पर्याय. ती जुन्या गोळीपेक्षा दुबळी नसते, फक्त तिचा अंमल जाणवत नाही. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्यावी, फळांच्या रसासोबत ती नीट शोषली जात नाही. नाक सतत बंद राहत असेल तर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्प्रे जास्त उपयोगी पडतो, तोही डॉक्टरांकडून समजून घ्यावा. दम लागत असेल तर तो दमा आहे का हे तपासून घ्यावं. दम्यावर या गोळीने भागत नाही.

झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांच्या वेष्टनावर इंग्रजीत एक इशारा असतो. त्याचा अर्थ असा की वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. तो वाचून दाखवणं हा घरातल्या शिकलेल्या मुलांसाठी चांगला अभ्यास आहे.

शिक्षकांसाठी

वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभं करण्याआधी एवढंच विचारा : "काल रात्री कुठली गोळी घेतलीस का?" उत्तर हो आलं तर पालकांना निरोप द्या की गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा आणि दिवसा झोप येत असल्याचं सांगा. आपल्या पर्समधली गोळी मुलाला कधीही देऊ नका. वारंवार शिंकणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांची नावं लिहून ठेवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा ती त्यांना दाखवा.

स्वाध्याय (इयत्ता आठवी ते दहावी)

१. घरातल्या सर्दीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणा. त्यातल्या घटकांची नावं वहीत उतरवा आणि झोप आणणारा घटक ओळखा.
२. अर्धायुष्य २० तास असेल तर ४० तासांनी किती टक्के औषध उरेल?
३. हिस्टामिन नाकात आणि मेंदूत कोणती वेगवेगळी कामं करतं?
४. फवारणीची विषबाधा आणि साधी ॲलर्जी यांतला फरक सांगणारा फलक तयार करून ग्रामपंचायतीत लावा.

"झोप आली म्हणजे गोळी लागू पडली" हे वाक्य पुढच्या वेळी कानावर आलं, तर शांतपणे सांगा : नाक मोकळं झालं आणि पोरगं वर्गात जागं राहिलं, तर गोळी लागू पडली.